बरणीवर भगर लिहिलं होतं

माझी नोकरी काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, "डब्यावर जे लिहिलंय तेच डब्यात आहे ना, हे बघायचं." औषधांच्या कारखान्यात मी दिवसभर तेवढंच करते. पिंप असो, बाटली असो, नाहीतर चिमूटभर भुकटीची पुडी, तिच्यावर चिठ्ठी नसेल तर ती माझ्या लेखी कचरा. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी मी यावरून असं काही झापते की माझ्या पाठीमागे ती मला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

आणि घरी? डब्लिनजवळच्या ओंगारमधल्या आमच्या स्वयंपाकघरात कॉफीच्या बाटलीत जिरं असतं, बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा आणि फ्रीजरमधल्या आइस्क्रीमच्या डब्यात गेल्या आठवड्याची आमटी. आपल्यात चांगली बरणी कुणी टाकून देतं का? नवरा कुरकुरतो, पण त्याच्याही आईकडे हेच. चिठ्ठी वाचून डबा उघडणारा माणूस आमच्या घरात उपाशीच राहील. आमच्याकडे कशात काय आहे ते तोंडपाठ असावं लागतं, आणि ते पाठ आहे याचा मला इतकी वर्षं तोराही होता.

त्या वसंतात स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं. मी कॉस्टिक सोडा आणला. तुंबलेल्या नळ्या साफ करायला टाकतात तो, पांढऱ्या बारीक मण्यांसारखा. पोटात गेला तर घसा, अन्ननलिका, सगळं जाळत जातो. अर्धा वापरला आणि उरलेल्याची पिशवी फाटली. हवेतलं पाणी ओढून तो चिकट होतो, म्हणून घट्ट झाकणाची बरणी हवी होती. रिकामी एकच सापडली, प्लॅस्टिकची. तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली, आणि पट्टीवर माझ्या आईच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: भगर. दोन वर्षांपूर्वी आई आली होती तेव्हाचं ते. मी सोडा त्यात ओतला, झाकण जीव खाऊन आवळलं आणि बरणी प्रेसच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. पट्टी उद्या काढू म्हटलं. प्रेस म्हणजे इथे कपाट. या देशात आले त्या आठवड्यात घरमालकीण म्हणाली होती, कप प्रेसमध्ये आहेत, आणि मी घरभर इस्त्री शोधत फिरले होते.

तो उद्या काही आला नाही. सांगलीहून आई आली, तीन महिन्यांसाठी.

आमच्या शेजारी एक जर्मन बाई राहते. तिचा नवरा स्वीडनचा. मुलगी चार वर्षांची, ती मात्र अस्सल डब्लिनची. तिच्या तोंडचं इंग्रजी ऐकलं की वाटावं हिचे आजी-पणजोबा इथेच नांदले. आई आल्यावर एका शनिवारी ती तिघं चहाला आली. आईचा शनिवारचा उपास. ती एका बाजूला भगर आणि दाण्याची आमटी घेऊन बसली होती. मुलीने विचारलं, आजी वेगळं का खाते? मी इंग्रजीत सांगितलं, आजीचा फास्ट आहे.

"शी'ज नॉट फास्ट," पोरगी म्हणाली. "शी'ज फिअरफुली स्लो." आईचे गुडघे दुखतात, जिना चढायला तिला पाच मिनिटं लागतात, हे पोरीने बघून ठेवलं होतं.

आम्ही हसलो आणि मग ते गाडं सुरूच झालं. जर्मन बाई म्हणाली, आमच्यात फास्ट म्हणजे जवळजवळ. झालंच होतं, पण झालं नाही, असं. तिचा नवरा म्हणाला, आमच्यात फास्ट म्हणजे पक्कं बसलेलं, हलेना असं. दार अडकलं तरी फास्ट. मला तर चेव चढला. पुण्यात कॉलेजात असताना संध्याकाळी जर्मनचे वर्ग केले होते मी, आणि ते मिरवायची संधी मी सोडत नाही. एवढासा शब्द, आणि तीन घरांत तीन अर्थ, चौथा आमच्या आईच्या ताटात! स्वीडनवाल्याने फोनवर शोधून सांगितलं की सगळ्यांचं मूळ एकच आहे, घट्ट, पक्कं. नेटाने, जोर लावून पळालं म्हणून इंग्रजांचा वेग. अगदी चिकटून, लगत आलं म्हणून जर्मनांचं जवळजवळ. आणि व्रत घट्ट धरून ठेवलं म्हणून उपास.

मी हे सगळं आईला मराठीत सांगितलं. तिला त्यात नवल वाटेना. "मग बराबर हाय की," ती म्हणाली. "उपास धरत्यातच. सोडत्यात बी."

या गप्पांत पोरीने आईच्या वाटीतली भगर चाखली, मग आणखी मागितली, मग दह्यात कालवून दोन वाट्या संपवल्या. तिची आई डोळे विस्फारून बघत राहिली, कारण ही पोरगी घरी ब्रेड आणि काकडीपलीकडे काही खात नाही. जाताना ती बाई म्हणाली, हे काय आहे ते मला हवंय. आईने मान डोलवली. आईला इंग्रजी येत नाही, पण कुणाचं पोर जेवतंय हे तिला कुठल्याही भाषेत कळतं.

दोन आठवड्यांनी जर्मन बाईने बशीत केक पाठवला.

त्यानंतरच्या शनिवारी मी भाजी आणायला गेले होते. नवरा गाडी घेऊन कामावर. तो कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात आहे आणि त्यांच्या यंत्रांच्या खोलीत फोन नेता येत नाही. दुकानाच्या रांगेत उभी असताना शेजारणीचा मेसेज आला. फोटो होता, गाडीच्या मागच्या सीटवर पोरगी आणि तिच्या मांडीवर कसली तरी बरणी. खाली लिहिलेलं, आजच्या जेवणाची सोय झाली, आईंना खूप थँक्स. मी नीट बघितलंही नाही. एक हृदय पाठवून दिलं.

घरी आले तर आई खुशीत. "त्या जर्मनबाईची बशी दिली बघ. रिकामी कशी द्यायची? म्हटलं, पोरीला भगर आवडती, द्यावी. वरच्या फळीवर माझीच बरणी हुती, भरल्याली. झाकण काय निघंना, म्हटलं त्यांचा गडी काढील. तशीच बशीत ठिवून दिली."

मी वर बघितलं. फळी मोकळी.

पिशव्या तिथेच सोडल्या, शेजारचं दार बडवलं. गाडी नाही, माणूस नाही. फोन केला, बंद. "उघडू नका, विष आहे" असं मोठ्या अक्षरांत चार वेळा पाठवलं, चारही मेसेजांपुढे एकच टिक. तिच्या नवऱ्याचा नंबर माझ्याकडे नव्हता, माझ्या नवऱ्याकडे होता, आणि माझ्या नवऱ्याचा फोन त्याच्या लॉकरमध्ये वाजत होता. पण ती कुठे आहेत हे मला ठाऊक होतं. बहुतेक शनिवारी ती डून लेरीला समुद्रात पोहायला जातात आणि मग स्वीडनवाल्याच्या बहिणीच्या घरी स्वयंपाक करून जेवतात. बहीण गावाला असली तरी किल्ली त्यांच्याकडे असते. त्या घरी मी एकदा गेले होते. घर डोळ्यांसमोर होतं, पत्ता नव्हता.

टॅक्सी बोलावली. आई पायात चपला सरकवून, साडीवर माझा रेनकोट चढवून माझ्याआधी दारात उभी. तिला एवढंच कळलं होतं की बरणीत भगर नव्हती.

शनिवार दुपार आणि एम फिफ्टी, डब्लिनभोवतीचा हमरस्ता. गाड्या मुंगीच्या पावलाने. टॅक्सीवाला मोठा बोलका बाप्या. "यू'र ग्रँड, काळजी नको, आपण पोचतोच," दर पाच मिनिटांनी. माझ्या डोळ्यांसमोर ती पोरगी दह्याची वाटी घेऊन बसलेली. पोहून आलेलं पोर, भुकेलेलं. पहिला घास मोठा घेणार.

आणि मी आईवर घसरले. काय वाट्टेल ते बोलले. "कुणी सांगितलं होतं तुला वरच्या फळीला हात लावायला? माझ्या घरात उलथापालथ केल्याशिवाय चैन पडत नाही का तुला? उघडून तरी बघायचं! एक बशी रिकामी गेली असती तर आभाळ कोसळणार होतं का?"

"झाकण निघंना गं," ती म्हणाली. "आणि माझंच अक्षर हाय की त्येच्यावर."

"मग अक्षर तुझं आहे तर कशात काय भरलंय ते लक्षात ठेवत जा ना!"

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. मला ते परत घेता आलं असतं. टॅक्सी तर थांबूनच होती, वेळच वेळ होता.

आईने रेनकोटची बटणं एकेक करून लावली. मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "म्यां भरलं हुतं का गं ते त्यात?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

इथे एक सांगायला हवं. माझी मावशी, आईची थोरली बहीण, शेवटची चार वर्षं कुणालाच ओळखत नव्हती. सुरुवात तिची अशीच झाली होती, मिठाच्या डब्यात साखर. आई तेव्हा तिच्याजवळ राहून सगळं करायची. त्यामुळे आईने हा प्रश्न कुठून विचारला हे मला त्याच क्षणी कळलं होतं. कळूनही मी गप्प बसले. कशाला गप्प बसलीस, असं मी स्वतःला नंतर शंभर वेळा विचारलं. भीतीच वाटली, दुसरं काय. कुणाच्या तरी नावावर ते पाप असावं आणि ते माझं नसावं.

आणि याहून वाईट अजून सांगायचंय. माझ्या हातात फोन होता, त्यावर मी तीन वेळा नऊ दाबला होता, इथला ॲम्ब्युलन्सचा नंबर. हिरवं बटण दाबलं नाही. पत्ता माहीत नाही, त्यांना काय सांगू, असं मी मनाला समजावलं. पण खरं म्हणजे मला आमचा कारखाना दिसत होता. चिठ्ठ्यांवरून जगाला झापणारी बाई, आणि तिच्या घरातून विषाची बरणी शेजारच्या पोराकडे गेली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एका उतारावर गाड्या सुटल्या आणि आमची टॅक्सी पळायला लागली, तेव्हा मी फोन खिशात टाकला. लाज वाटते लिहिताना.

डून लेरीला समुद्राकाठच्या रस्त्यावर मी दोनदा चुकीच्या गल्लीत शिरायला लावलं. तिसऱ्या गल्लीत निळं दार दिसलं. टॅक्सी थांबायच्या आत मी खाली. स्वयंपाकघराची खिडकी रस्त्याकडे होती आणि उघडी होती. आतून आवाज आला.

"सिट्टर फास्ट!" स्वीडनवाला ओरडला. अडकलंय.

"फास्ट! फास्ट!" बायको ओरडली. झालंच, निघतंय.

मला दोन्ही समजलं. एकाच शब्दावर त्या पोरीचा जीव अडकलाय की निसटतोय ते मला बाहेरून कळेना. मी खिडकीला लटकले. तो बरणी सिंकमध्ये धरून उभा, हातात टॉवेल, आणि ती किटलीतलं उकळतं पाणी झाकणावर ओतायच्या बेतात. झाकण सैल व्हावं म्हणून आपण सगळेच करतो ते. पण कॉस्टिक सोड्यात उकळतं पाणी गेलं की ते उसळून तोंडावर येतं. आणि पोरगी स्टुलावर चढून, हनुवटी सिंकच्या काठाला टेकून, दोघांच्या मध्ये. हातात चमचा.

मी किंचाळले. पुण्याचं जर्मन गेलं, वीस वर्षांचं इंग्रजी गेलं. "नको! ओतू नको! ठेव ते खाली, ठेव!" मराठीतच. त्यातलं अक्षरही त्यांना कळलं नसेल, पण किटली थांबली. पोरगी एवढी दचकली की चमचा खाली पडला.

मग मी धापा टाकत इंग्रजीत सांगितलं. बरणीत काय आहे ते कळल्यावर जर्मन बाईने किटली ठेवली, पोरीला स्टुलावरून उचललं आणि तिला पोटाशी घेऊन फरशीवरच बसली. स्वीडनवाला आपल्या हातांकडे बघत राहिला. झाकणाच्या आट्यांत पांढरा थर धरला होता, आवळताना सांडलेले मणी हवेतल्या पाण्याने विरघळून पुन्हा दगड झालेले. तेवढ्यावर निभावलं होतं. मी काही शहाणपण केल्यामुळे नाही.

एवढ्यात आई आत आली. तिने पोरीला आधी डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग अंगावरचा तो माझा रेनकोट काढून हातात घेतला, पदर सारखा केला आणि त्या दोघांसमोर हात जोडले.

"सांग तिला," ती मला म्हणाली. "म्हातारी इसरती म्हणावं. डोस्कं ठिकाणावर न्हाई ऱ्हायलं. माफी कर म्हणावं."

आता ते मला इंग्रजीत सांगायचं होतं. ती दोघं माझ्या तोंडाकडे बघत होती, आई पण.

मी सांगितलं, "सोडा मी भरला होता. चिठ्ठी मी बदलली नाही. माझ्या आईला यातलं काहीच माहीत नव्हतं."

जर्मन बाईने माझ्याकडे बघितलं. आई शेजारी उभी राहून मान डोलवत होती, "व्हय, व्हय," म्हणत. तिला वाटलं मी तिचाच निरोप सांगतेय.

इंग्रजीत खरं बोलणं सोपं गेलं. परतताना टॅक्सीत मराठीत एक शब्द फुटला नाही. आईने दिवसभर पाणीही घेतलं नव्हतं आणि संध्याकाळी उपास सोडायलाही ती उठली नाही.

पुढचा आठवडा कसा गेला ते मी बघत होते, तेच वाईट. आई शेगडीपाशी जायची आणि मला हाक मारायची, "बंद केला न्हवं मी?" पाच मिनिटांनी पुन्हा. चहात साखर घालण्याआधी डबा मला दाखवायची. रात्री तिच्या खोलीतून पुटपुटणं ऐकू यायचं. एकदा मी दाराशी थांबून ऐकलं, तर ती भावंडांची, भाच्यांची, सुनांची नावं ओळीने घेत होती. मोजून पाठ आहेत का ते बघत होती. मी पावलं न वाजवता परत फिरले. पट्टी तेवढी परत आणलेल्या बरणीवरून खरवडून काढली होती मी, मोठी शहाणी.

गुरुवारी जर्मन बाई आली. हातात बशी, बशीत केक, पुन्हा! मला तिच्या तोंडाकडे बघवेना. दारातच तिने हळूच विचारलं, आईंना सांगितलंस ना, ते तू भरलं होतंस म्हणून?

"फास्ट," मी तिच्याच भाषेत म्हणाले. जवळजवळ.

ती हसली नाही. बशी माझ्या हातात ठेवून गेली.

शनिवारी सकाळी आईने ती बशी घासली, पुसली आणि माझ्यापुढे धरली. "जा, देऊन ये."

बशीत काही नव्हतं. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या आईच्या हातून कुणाचं भांडं रिकामं परत गेलेलं मी पाहिलेलं नाही. काहीच नसेल तर चार दाणे साखर तरी ती टाकतेच.

"अशी रिकामी?" मी विचारलं.

"व्हय. माझा काय भरवसा न्हाई आता, बाई. कुणाच्या लेकराच्या जिवावर बेतायचं." आणि ती ओट्याला टेकली, गुडघे दुखतात तेव्हा टेकते तशी.

तेव्हा मी सांगितलं. तिथेच, ओट्यापाशी, बशी हातात धरून. सिंक तुंबलं होतं, पिशवी फाटली होती, तुझी बरणी मी घेतली, मी भरली, मी आवळली. तुझं काही चुकलं नाही. तू काही विसरली नाहीस, आई.

ती ऐकत राहिली. मला वाटलं रडेल, किंवा सुटकेने हसेल. तिने मला नीट निरखून बघितलं.

"मग गाडीत इचारलं तवा का न्हाई बोल्लीस?"

मी हातातली बशी उलटसुलट केली.

"आठ दिस झोपले न्हाई मी," ती म्हणाली. "डोळं मिटलं की तुझी मावशी दिसायची. म्हटलं, आता आपली पाळी आली. हितं पोरीच्या दारात येड लागायच्या आधी गावाला जावावं म्हणून तिकिटाचं बी जावयाला इचारलं. आणि तू बघत हुतीस."

"हो," मी म्हणाले. "बघत होते."

मी रडायला लागले. तिने मला जवळ घेतलं नाही. बशी माझ्या हातातून काढून घेतली, ओट्यावर ठेवली आणि ड्रॉवर उघडून भगरीचं नवं पाकीट काढलं, दुकानातून आणलेलं, छापील नावाचं. ते फोडलं. बशीत छोटासा ढीग केला, काठाने बोट फिरवून सारखा केला. मग त्यातले चिमूटभर दाणे उचलून माझ्या तोंडासमोर धरले, कच्चेच.

"आधी तू खा," आई म्हणाली. "मग देऊ."